बागपतच्या उतारावर पहारा असता तर...

नववीच्या वर्गात पानिपत निघाले की मुले हमखास विचारतात, “सर, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?” माझे उत्तर त्यांना आवडत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी बदलण्यासारखे फार थोडे उरले होते. बदलायचेच तर आदल्या ऑक्टोबरात जावे लागेल.

१७ ऑक्टोबर १७६० ला मराठ्यांनी कुंजपुरा घेतले. धान्य, पैसा हाती आला. यमुना भरलेली, अब्दाली पलीकडच्या काठावर. पण आठच दिवसांत त्याने बागपतजवळ नदी ओलांडली. आता मराठे त्याच्या काबूलच्या वाटेवर आणि तो मराठ्यांच्या दिल्लीच्या वाटेवर! दोघेही कोंडलेले. मात्र त्याला दुआबातून रोहिल्यांचे धान्य मिळत राहिले, मराठ्यांची रसद तुटत गेली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेलेही मारले गेले. छावणीत बायकामुले, यात्रेकरू, बाजारबुणगे. अडीच महिने एवढी तोंडे काय खाणार?

बागपतला तोफा रोखलेल्या असत्या तर? मला वाटते, तह झाला असता. शुजाउद्दौला तहाची बोलणी करतच होता. नजीबखानाला तो नको होता. उपाशी छावणीशी मात्र कोण कशाला तह करील?

दुसरा ‘जर-तर’ इब्राहिम खान गारदीचा. बायकामुले मधे घेऊन, भोवती तोफा आणि पलटणी असा गोल करून यमुनेकडे सरकायचे ठरले होते. सकाळी गारद्यांनी रोहिल्यांना मागे रेटलेही. पण विंचूरकर, गायकवाडांचे स्वार गोल सोडून पुढे धावले आणि तोफांना आवरते घ्यावे लागले. गोल टिकता तर विजय मिळाला असता असे नाही. पण निदान ती कुटुंबे नदीपर्यंत पोहोचली असती.

आमच्या मोताळ्याहून मलकापूरमार्गे बऱ्हाणपूरला एसटीने जाताना हे हटकून आठवते. परतूरहून निघालेली ती फौज बऱ्हाणपूरवरूनच उत्तरेला गेली होती.

एकदा तास संपल्यावर एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, तिकडे सगळे मुसलमान होते. मग इब्राहिम खान तिकडे का नाही गेला?” मी म्हणालो, “बेटा, इकडचे मीठ खाल्ले होते.” गारद्यांचा पगार रोख आणि वेळेवर हवा म्हणून तो अडून बसे, छावणीत त्याबद्दल नाराजी होती. त्या दिवशी त्याचे बहुतेक गारदी मैदानातच पडले. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला आणि कैदेतच वारला.