जुन्या मोटारीचे स्पार्क प्लग

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली पद्मिनी आजही ज्यांच्या दिमतीस आहे, अशा पुणेकरांनी नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात शिरण्यापूर्वी जुन्या प्लगचा क्रमांक आणि त्याच्या आट्यांची लांबी मोटारीच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहणे इष्ट होय. कारण 14 मिलिमीटर व्यास बहुतेकांचा समान असल्याने विजोड प्लगही बिनतक्रार बसतो, मात्र लांबी अधिक झाली तर पिस्टनशी त्याची गाठ पडते, आणि उणी पडली तर रिकाम्या आट्यांत काजळी साचते.

खरा घोटाळा उष्णतांकाचा. बॉशच्या प्रचलित पद्धतीत अंक वाढला की प्लग अधिक उष्ण, एनजीकेच्या पद्धतीत अधिक थंड. त्यातच बॉशचे 175 किंवा 225 असे जुने तीन-अंकी क्रमांकही अंक वाढेल तसे थंडच होत जात, म्हणून केवळ अंकसाम्यावर भरवसा ठेवणे धोक्याचे. दुकानदाराकडून तुलनात्मक तक्ता मागून घ्यावा.

इरिडियमच्या महागड्या प्लगचा मोह, पॉइंट आणि कंडेन्सरवर चालणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत, आमच्या मते अनाठायी आहे. साधे निकेलचे चारही प्लग एकदम बदलावेत, फट फीलर गेजने मोजावी, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आटे प्रथम हातानेच बसवावेत.