परमुलखातील चाकरी (लेखांक पाचवा) : वास्तव्याचा हजेरीपट

मागील लेखांकात हॉलंडातील पगारचिठ्ठी कशी वाचावी ते पाहिले, आणि त्या चिठ्ठीत वृद्धापकाळाच्या विम्यापोटी पहिल्या करटप्प्यातील उत्पन्नावर १७.९ टक्के कापले जातात हे वाचून लालबागच्या एका वाचकाने साहजिक पृच्छा केली की, आठ वर्षे आइंडहोव्हनला राहून आता सहकुटुंब परतणाऱ्या मुलाला ही रक्कम प्रॉव्हिडंट फंडाप्रमाणे एकरकमी उचलता येईल काय. उत्तर नकारार्थी आहे. तो पैसा मुलाच्या नावे कोठे साठत नाही, आजच्या डच वृद्धांना तो आजच वाटला जातो. मात्र त्या आठ वर्षांचा हक्क बुडालेला नाही, आणि तो कसा मोजतात हे समजण्यासाठी गिरणगावातला हिशेब क्षणभर बाजूस ठेवावा लागतो.

आपल्याकडे हक्क उपजतो तो नोकरीतून, आणि नोकरी म्हणजे मस्टरवरील हजेरी. कोकणातून आलेला बदली कामगार पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभा राही, काम मिळाले तर आत जाई, न मिळाले तर खोलीवर परते. आणि अशी पंधरा वर्षे परळच्या एकाच गल्लीत काढूनही, वर्षाला २४० दिवस भरले की नाही या एका प्रश्नापाशी त्याची ग्रॅच्युइटी अडकून पडे. तो मुंबईत राहिला, ही गोष्ट कोणाच्याच दफ्तरी जमेस नव्हती.

हॉलंडात नेमकी तीच जमेस धरतात. विलेम ड्रेस यांनी सामाजिक व्यवहारमंत्री असताना १९४७ साली वृद्धांसाठी तात्पुरता कायदा केला, आणि ते पंतप्रधान असताना १ जानेवारी १९५७ पासून ज्याला तिकडे 'आ-ओ-वे' म्हणतात तो कायमचा कायदा अंमलात आला. पेन्शन घेणे याला डच म्हातारे 'ड्रेसकडून घेणे' असेच म्हणू लागले. या कायद्याचे गणित चाळीतल्या चौथीच्या पोरालाही जमेल इतके सरळ आहे : पेन्शनच्या वयापूर्वीची ५० वर्षे धरावयाची, आणि त्यांपैकी जितकी वर्षे मनुष्य त्या देशात विमाधारक रहिवासी होता तितक्या वर्षांचे, प्रत्येकी २ टक्के. ते वय सध्या ६७ आहे, २०२८ पासून ६७ वर्षे ३ महिने होईल. म्हणजे आमच्या वाचकाच्या चिरंजीवांना पूर्ण पेन्शनच्या १६ टक्के रक्कम, आणि ती भारतात राहूनही, तहहयात.

परंतु पत्र लिहिणाऱ्याच्या ध्यानात न आलेली बाब पुढेच आहे. सूनबाईंनी तेथे एक दिवसही नोकरी केली नसली, तरी त्या नवऱ्याबरोबर आठ वर्षे रीतसर रहिवासी होत्या म्हणून त्यांचेही स्वतःचे, स्वतंत्र १६ टक्के आहेत. हा न्याय डचांनाही जन्मतः सुचला नव्हता; १९८५ पर्यंत जोडप्याचे पेन्शन नवऱ्याच्याच हाती पडे. तरीही मला राहून राहून आठवतात त्या लालबागच्या खानावळवाल्या बाया, ज्यांनी वीस-वीस गिरणी कामगारांना दोन्ही वेळ जेवू घातले आणि ज्यांचे नाव बँकेच्या दफ्तरात यायला १९७५ साली प्रेमा पुरव यांना अन्नपूर्णा महिला मंडळ काढावे लागले. त्यांच्यापैकी कोणाची नात आज आइंडहोव्हनला घरीच असेल, तर निव्वळ तेथे राहण्याने तिचे दर साल २ टक्के जमा होत आहेत.

येथे एक खोच आहे, आणि तिच्यात पुष्कळ जण अडकतात. भारत व नेदरलँड्स यांच्यामधील सामाजिक सुरक्षा करार १ डिसेंबर २०११ पासून लागू आहे. त्यान्वये इकडच्या कंपनीने तात्पुरता पाठविलेला नोकर भविष्यनिर्वाह निधी संघटनेचा दाखला दाखवून ६० महिन्यांपर्यंत डच वर्गणीतून मुक्त राहू शकतो. हातात पगार अधिक येतो, घरी सर्वांना आनंद होतो. पण त्या मुदतीत तो डच विम्याबाहेर असल्याने त्याची पेन्शनची वर्षे शून्य आणि मुलांचा भत्ताही नाही. तेव्हा चिरंजीव दाखल्यावर गेले की तेथल्याच मालकाच्या नोकरीवर, हे आधी विचारावे.

मुलांच्या भत्त्याविषयी थोडक्यात सांगतो. विमाधारक आईबापांना तो उत्पन्न न पाहता, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत, दर तिमाहीस मिळतो; बारा वर्षांपुढील मुलाला पूर्ण, सहा ते अकराच्या मुलाला ८५ टक्के, त्याहून लहानग्याला ७० टक्के. तिमाहीच्या पहिल्या तारखेची स्थिती पाहतात, त्यामुळे २ एप्रिलला पोहोचलेल्या कुटुंबाची ती तिमाही गेली. तेथे जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत 'एसव्हीबी' ही सरकारी विमासंस्था आपण होऊन पत्र पाठविते. मुंबईहून नेलेल्या मुलासाठी अर्ज मात्र स्वतः करावा लागतो, आणि मागील बाकी फार तर एक वर्षाची मिळते. मूल दादरला आजीपाशी ठेवले असेल तर काय, हा विषय स्वतंत्र लेखांकाचा आहे.

परतणाऱ्याला आणखी एक वाट मोकळी असते. देश सोडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केल्यास स्वतःच्या खर्चाने हा विमा दहा वर्षेपर्यंत चालू ठेवता येतो. वर्गणी उत्पन्नावर ठरते व ती हलकी नसते. रुपयांत मिळकत असणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊनच निर्णय करावा. माझ्या मते, पन्नाशीच्या आत परतणाऱ्या बहुतेकांनी या फंदात पडू नये.

पेन्शन सुरू झाल्यावर परदेशस्थांकडून वर्षातून एकदा हयातीचा दाखला मागवितात. नोव्हेंबरात बँकेपुढे रांग लावणाऱ्या आपल्या मंडळींना ते नवीन नाही. कठीण जाते ते वीस-पंचवीस वर्षे कागद जपून ठेवणे. म्हणून परत येणाऱ्या मुलाला व सुनेला आजच कळवा : तेथील नगरपालिकेत नाव दाखल झाल्याचा व निघताना नाव कमी केल्याचा, असे दोन्ही कागद आणि नागरिक क्रमांक, दोघांचे वेगवेगळे, सामानात न टाकता हातातल्या पिशवीतून आणा.