परवान्याचा दरवाजा

झाशीच्या जुन्या तटबंदीला दहा दरवाजे. खंडेराव गेटच्या नावातच मराठी राज्याची खूण आहे. दतिया गेटमधून वाट दतियाकडे निघते. दरवाजा म्हटला की आत कोणाला आणि किती जणांना सोडायचं, हा प्रश्न आलाच. टॅक्सी-रिक्षांच्या बाबतीत हा पहारा एक कागद करतो. त्या परवान्याची करामत थक्क करणारी आहे.

परवाने मोजकेच ठेवले की कागदालाच भाव चढतो. न्यूयॉर्कने १९३७ मध्ये टॅक्सींची संख्या बांधली. २०१४ च्या सुमारास तिथला एक परवाना दहा लाख डॉलरवर गेला होता. गाडीच्या कितीतरी पट! हा पैसा उभा राहतो चालकाच्या घामातून: परवाना नसलेला माणूस दुसऱ्याची गाडी शिफ्टवर घेतो, आधी मालकाचे पैसे काढतो, मग स्वतःचे. पुढे ॲपवरच्या गाड्या आल्या, परवान्याचा भाव कोसळला आणि कर्ज काढून तो घेतलेले चालक बुडाले.

प्रवाशाचं काय? महाराष्ट्रात परवान्यांची संख्या १९९७ मध्ये गोठवली गेली, ती २०१७ मध्ये खुली झाली. आपल्याकडे मीटरचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे टंचाई मीटरवर उमटत नाही. ती रांगेत दिसते, भाडं नाकारून पुढे जाणाऱ्या गाडीत दिसते. प्रवासी किंमत मोजतोच, फक्त वेळेच्या नाण्यात.

आता झाशीकडे या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार पाच लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात केंद्राच्या निर्देशाने राज्याला अशी संख्या बांधता येते. २०११ च्या जनगणनेत झाशी शहराची लोकसंख्या होती ५,०५,६९३. उंबरठा जेमतेम ओलांडलेला! पण ई-रिक्षा या दरवाजाबाहेरच राहिली: ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्राने तिला परवान्यातून सूट दिली. नोंदणी आणि लायसन्स हवंच, मात्र कागदासाठी वेगळी पुंजी नको. गरिबाला यापेक्षा मोठा दिलासा कोणता? पण गाड्या वाढल्या की तेच प्रवासी जास्त जणांत वाटले जातात आणि जुन्या गल्ल्या तुंबतात.

त्याच अधिसूचनेत एक शहाणी फट आहे: ठरावीक रस्त्यांवर ई-रिक्षांना बंदी घालण्याची मुभा राज्यांना आहे. मला हीच मर्यादा न्याय्य वाटते. ती माणसाच्या नावावर नसते, रस्त्यावर असते. म्हणून ती कोणाला विकता येत नाही.