दांडी आणि सांगली केंद्र

वेण्णेच्या खोऱ्यात, दोन्ही अंगांस डोंगर असलेल्या मेढ्यासारख्या गावी जुना ट्रान्झिस्टर बाळगणारा गृहस्थ, सांगली केंद्र खरखरू लागताच, प्रथम संचाची चकचकीत दांडी शेवटच्या पेरापर्यंत ओढतो. आणि दांडी जितकी उंच तितके स्टेशन स्वच्छ, हा सिद्धान्त अशा अधिकारवाणीने सांगतो, की ऐकणाऱ्याचा धीर सुटावा.

1963 साली सुरू झालेले आकाशवाणीचे सांगली केंद्र मध्यम लहरींवर 239.8 मीटर, म्हणजेच 1251 किलोहर्ट्झचे. एवढ्या लांबीच्या लहरीपुढे हातभर नळीची मातब्बरी ती काय! संशय असेल त्याने मागचे झाकण काढून स्वतःच रुजवात करून घ्यावी. दांडीच्या बुडाची तार बहुतेक संचांत लघुलहरींच्या कॉइलकडे जाते, आणि बँडचा खटका मध्यम लहरींवर आला, की तिचा संबंधच तुटतो. मध्यम लहरींचे ग्रहण करते ती आतली काळपट फेराइटची कांडी, जिच्यावर केसासारख्या तारांचे वेढे मेणाने चिकटवलेले असतात. लहरीतील चुंबकीय अंश ती गोळा करते आणि त्यात दिशेचा भेद पाळते: केंद्र तिच्या बाजूस असले तर आवाज भरघोस, टोकाच्या रोखाने असले तर जवळजवळ लुप्त. कांडी बहुधा संचाच्या लांबीला समांतर असते आणि सांगली मेढ्याच्या आग्नेयेस. सबब संचाचे तोंड किंवा पाठ आग्नेयेकडे करावी, एवढी तजवीज पुरे. दांडीशी झटापट करताना संच नकळत फिरतो, आवाज सुधारतो, आणि श्रेय मात्र दांडीच्या पदरी! लघुलहरींवर रेडिओ सिलोन ऐकणाऱ्यांच्या ती खरोखरच कामी येई, हा तिचा हक्क मी नाकारीत नाही.

ट्रान्झिस्टर जास्त तो संच सरस, ही समजूत जाहिरातींनी पोसलेली. काही उत्पादक केवळ गणती फुगविण्यासाठी निरुपयोगी ट्रान्झिस्टर बसवीत, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला 1968 साली त्याविरुद्ध नियम करावा लागला. रात्री दूरची केंद्रे लागतात ती हवा गार होते म्हणून नव्हे, तर दिवसा लहरी शोषणारा आयनावरणाचा खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो म्हणून. आणि सेल उन्हात ठेवून भरत नाहीत. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया घटकाभर वेग घेते इतकेच, पुढे तेच सेल पाझरून स्प्रिंगा गंजवितात.