लोखंडाचा कीस काय सांगतो?

सुतारानें रंधा मारला म्हणजे लांकडाचा कीस निघतो. लेथवर लोखंड कातलें असतांहि कीस निघतो. पण त्याची रीत निराळी.

एरंडोलांत माझा एक जुना विद्यार्थी पंपांचे दांडे कातून देतो. एके दिवशीं त्याच्या हाताला पट्टी दिसली. दांड्याभोंवतीं गुंडाळत चाललेली किसाची लांब फीत त्यानें हातानें ओढली आणि तळवा चिरला. “गुरुजी, चूक माझीच. फीत एवढी लांबूं द्यायला नको होती,” तो म्हणाला. ती कां लांबते, हेंच आज पाहूं.

कुऱ्हाडीपुढें लांकूड फुटतें, तसा धातु फुटत नाहीं. हत्यारापुढें दाबला जाऊन तो थराथरानें घसरतो; पत्त्यांचा जोड तिरका सरकावा तसा. म्हणून कीस मूळ कापापेक्षां जाड व आंखूड होतो. बीड ठिसूळ, त्याचे तुकडे पडतात. मऊ पोलाद चिवट. त्याची फीत अखंड निघते.

हत्याराचा माथा धारेपासून मागें अधिक उतरता घासला, तर कीस सहज वाहतो. पण फीत लांबते व धार नाजूक होते. वेग कमी असला तर धातूचे कण धारेवर चिकटतात आणि काम खरबरीत होतें. वेग वाढविला तर काम गुळगुळीत होतें, पण कीस तापतो. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत अमेरिकेच्या टेलर व व्हाइट यांच्या नव्या पोलादी हत्यारांनीं निळा पडलेला कीस काढून पाहणारांस थक्क केलें. तो निळा रंग म्हणजे उष्णतेनें पृष्ठावर आलेला प्राणिलाचा पातळ थर. टेलरनें धातु कातण्याच्या प्रयोगांत सुमारें २६ वर्षें घालविलीं.

आतां उपाय. दर फेऱ्यास हत्यार पुढें सरकतें, ती सरक बेतानें वाढविली म्हणजे कीस जाड होऊन वळतांना मोडतो. धारेमागें लहानशी खांच घासली तरी तेंच साधतें.

आपल्याकडे किर्लोस्करांनीं १९४१ सालीं हरिहर येथें यंत्रें बनविणारा कारखाना काढला, आणि स्वदेशी लेथ गांवोगांव पोंचले. पण यंत्र कोणाचेंहि असो, कीस वाचावा लागतो तो कारागिरालाच. माझ्या विद्यार्थ्याच्या लेथखालीं आतां स्वल्पविरामासारखे तुकडे पडतात. क्वचित् फीत निघालीच, तर तो आधीं यंत्र थांबवितो आणि आंकड्यानें ती काढतो. हातानें कधींहि नाहीं.