गुणांची पारख आणि पारख्याचा डोळा

१९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तेव्हा तिच्या नावातच अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे स्मरण होते. तेव्हापासून तिकडच्या काळ्या माणसांची कविता, त्यांची आत्मकथने, त्यांच्या चळवळी यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या खेळाच्या मैदानाविषयी मात्र आपण फारसे बोललो नाही. वास्तविक 'गुणवत्ता' या शब्दावरून जो झगडा आपल्याला शाळा-महाविद्यालयांत आणि नोकरीच्या मुलाखतींत करावा लागतो, तोच झगडा तिथे बेसबॉलच्या मैदानावर, हजारो प्रेक्षकांसमोर झाला. खेळाडूचे गुण ओळखणे हा तिथे काही माणसांचा पोटापाण्याचा धंदाच आहे. त्यांना 'स्काउट' म्हणतात. आपण त्यांना पारखी म्हणू. हा पारखी काय पाहतो, कसे पाहतो आणि त्याच्या डोळ्याला काय दिसत नाही, हे समजून घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम मैदानाची व्यवस्था पाहू. व्यावसायिक बेसबॉलचे शिखर म्हणजे मेजर लीग. तीत ३० संघ आहेत. प्रत्येक संघाच्या हाताखाली चार कनिष्ठ संघ असतात. २०२१ च्या फेररचनेत अशा संघांची संख्या १२० ठरली. हीच मायनर लीग. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए या चार पायऱ्या चढत मुलगा वर सरकतो. बहुतेकांची वाटचाल मधल्याच एखाद्या पायरीवर संपते. पारखी आपल्याच संघाची मुले पाहतो असे नाही. खेळाडूंची अदलाबदल करण्याची वेळ आली तर समोरच्याकडून कोणाला मागायचे, हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणून तो परक्या संघांचीही मुले पाहत गावोगाव हिंडतो.

सामना सुरू होण्याच्या बराच आधी तो मैदानावर पोचतो. बॅटिंगचा सराव, झेल घेण्याचा सराव, पिचरने हात मोकळा करणे, हे सारे त्याच्या दृष्टीने सामन्याइतकेच महत्त्वाचे. मग तो होम प्लेटच्या मागच्या बाकावर बसतो. हातात वही, स्टॉपवॉच आणि चेंडूचा वेग मोजणारी रडार गन. ही रडार गन १९७० च्या दशकाच्या मध्यापासून बेसबॉलमध्ये आली. बॅटरने चेंडू टोलवल्यावर पहिला तळ ९० फुटांवर असतो. उजव्या हाताच्या बॅटरने तो सुमारे ४.३ सेकंदांत गाठला तर धाव मध्यम समजतात. चोरून दुसऱ्या तळाकडे पळणाऱ्याला बाद करण्यासाठी कॅचरचा चेंडू तिथे सुमारे २ सेकंदांत पोचला तर हात मध्यम. सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने मुलाची किंमत बदलते.

बॅटरमध्ये पाच गुण पाहण्याची रीत आहे: चेंडू नेमका टोलवणे, जोर, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येक गुणाला २० ते ८० या मापावर आकडा देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला मध्यम खेळाडू. प्रत्येक गुणाचे दोन आकडे लिहितात, एक आजचा आणि एक पुढचा. एकोणीस वर्षांच्या मुलाचा जोर आज ३० असेल, पण खांद्यांची ठेवण आणि मनगटांची गती पाहून पारखी पुढच्या रकान्यात ५५ लिहितो. सगळा धंदा या दोन आकड्यांमधल्या अंतराचा आहे. पहिला आकडा पाहून लिहिता येतो. दुसरा आकडा लिहिताना पारख्याचा अनुभव बोलतो, आणि अनुभवाबरोबर त्याचे संस्कारही बोलतात.

येथे कोणी विचारील, की धावफलक आणि आकडेवारी असताना प्रत्यक्ष जायचे कशाला? आता तर मैदानावरचे कॅमेरे प्रत्येक चेंडूची फिरकी मोजतात. त्याचे उत्तर १९५० सालच्या एका घटनेत सापडते. न्यूयॉर्क जायंट्सचा पारखी एडी माँटेग्यू हा बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स या काळ्या खेळाडूंच्या संघातील अलाँझो पेरी याला पाहायला गेला होता. मैदानावर त्याला दिसला एकोणीस वर्षांचा विली मेज. माँटेग्यूचा अहवाल पेरीऐवजी मेजविषयी गेला. पुढच्या वर्षी मेजने मिनिआपोलिस येथे ट्रिपल-ए दर्जाचे ३५ सामने खेळून .४७७ ची सरासरी काढली, म्हणजे हजार संधींना ४७७ यशस्वी फटके, आणि मे महिन्यातच तो मेजर लीगमध्ये गेला. कागदावर एका माणसाचे नाव होते. मैदानावर जाणाऱ्यालाच दुसरा दिसला.

परंतु प्रत्यक्ष पाहणे म्हणजे खरे पाहणे, असे मानण्याचे कारण नाही. १६ एप्रिल १९४५ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कवर जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स या तीन काळ्या खेळाडूंची चाचणी झाली. काळे पत्रकार वेंडेल स्मिथ आणि शहराचे एक नगरसेवक यांनी दबाव आणल्यामुळे रेड सॉक्स संघाला ती घ्यावी लागली. तिघांनी चेंडू टोलवले, पाहणाऱ्यांनी पाहिले. पुढे एकालाही बोलावणे आले नाही. त्या संघात पहिला काळा खेळाडू आला तो १९५९ साली, सगळ्या संघांच्या शेवटी. डोळे उघडे होते, पण निर्णय चाचणीच्या आधीच झालेला होता. नेमणूक आधीच ठरलेल्या मुलाखतीला जो जाऊन आला आहे, त्याला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकीने क्लाइड स्यूकफोर्थ या पारख्याला शिकागोला धाडले. कॅन्सस सिटी मोनार्क्सच्या रॉबिन्सनचा हात शॉर्टस्टॉपच्या जागेला पुरेसा आहे का, एवढेच पाहून यायचे होते. स्यूकफोर्थ पोचला तेव्हा रॉबिन्सनचा खांदा दुखावलेला. तो खेळणारच नव्हता. जे पाहायला धाडले ते पाहता येईना. मग स्यूकफोर्थ त्याच्याशी बोलत बसला. रिकीला माझ्यात एवढा रस का, हे रॉबिन्सन पुन्हापुन्हा खोदून विचारत होता. त्या विचारण्यातला निर्धार पारख्याने टिपला आणि हात न पाहताच त्याला ब्रुकलिनला नेले. २८ ऑगस्टला रिकीची आणि त्याची भेट झाली.

रॉबिन्सनला आधी मायनर लीगमध्येच खेळवले गेले. १९४६ च्या मार्चमध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे त्याचा माँट्रियल रॉयल्स संघ सराव सामन्यासाठी पोचला, तर मैदानाला कुलूप. काळ्याला मैदानावर येऊच द्यायचे नाही, म्हणजे त्याचे गुण दिसण्याचा प्रश्नच उरत नाही. १८ एप्रिलला जर्सी सिटीत त्याचा पहिला अधिकृत सामना झाला. पाच संधींत चार यशस्वी फटके. मोसमअखेर .३४९ च्या सरासरीने तो त्या लीगमध्ये पहिला आला. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिनकडून उतरला आणि मेजर लीगची साठेक वर्षांची वर्णबंदी मोडली. गंमत अशी, की शॉर्टस्टॉपच्या जागी तो नियमितपणे कधी उभा राहिलाच नाही. ज्या गुणाची पारख करायला माणूस धाडला होता, तो गुण लागलाच नाही.

जोश गिब्सनच्या वाट्याला तेही आले नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत तो वारला. २०२४ साली निग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या दप्तरात सामील करण्यात आले, तेव्हा गिब्सनची .३७२ ही सरासरी सर्वकाळात अव्वल ठरली. आकडे दप्तरात शिरायला ७७ वर्षे लागली.

दार उघडल्यावर भेदभाव संपला असेही नाही. तो शब्दांत आणि जागावाटपात जाऊन बसला. १९७० साली लॉय आणि मॅकएल्व्होग या समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की काळे खेळाडू प्रामुख्याने मैदानाच्या टोकाला, आउटफील्डमध्ये उभे केले जातात. पिचर आणि कॅचर यांसारख्या, सतत विचार करून खेळ चालवण्याच्या जागा गोऱ्यांकडे राहतात. एकाच चपळाईला एकाच्या बाबतीत 'उपजत' म्हणायचे आणि दुसऱ्याच्या बाबतीत 'खेळाची जाण' म्हणायचे, की पुढची वाटणी आपोआप होते. आपल्याला हे नवे नाही. बाळू पालवणकरांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांची गोलंदाजी हिंदू संघाला हवी होती, नियमित कर्णधारपद मात्र त्यांना दिले गेले नाही. हात मान्य, डोके अमान्य.

शरीराविषयीचा पूर्वग्रहही असाच. व्हेनेझुएलातील होसे आल्तुवे हा सोळा वर्षांचा मुलगा ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजच्या चाचणीला गेला, तेव्हा त्याला बुटका म्हणून परत पाठवले. वडिलांच्या आग्रहावरून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. २००७ साली त्याला अवघ्या १५,००० डॉलरवर घेतले. २०१७ साली तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायला सांगणारा बाप ज्याला नसतो, त्याचे नाव आपल्याला कधी कळतच नाही.

आणखी एक गोष्ट पारख्याने पाहिली पाहिजे, ती म्हणजे मुलगा कोणत्या स्थितीत खेळतो आहे. रात्रभर बसने प्रवास, अपुरे जेवण, एका खोलीत दाटीवाटीने राहणे, असे मायनर लीगचे जिणे वर्षानुवर्षे होते. ट्रिपल-एच्या खेळाडूचे किमान वेतन वर्षाला १७,५०० डॉलर होते. २०२२ साली ही मुले संघटित झाली आणि २०२३ च्या करारात ते ३५,८०० झाले. थकलेल्या मुलाची बॅट उशिरा फिरली तर तो गुणाचा अभाव की जेवणाचा, हे स्टॉपवॉच सांगत नाही.

म्हणून जाणता पारखी एका संध्याकाळवर निर्णय देत नाही. मायनर लीगमध्ये २०२१ पासून साधारणपणे मंगळवार ते रविवार सहा सामने एकाच प्रतिस्पर्ध्याशी होतात. तो आठवडाभर मुक्काम करतो, सगळे पिचर पाहतो, चुकल्यानंतर मुलगा पुढचा चेंडू कसा खेळतो ते टिपतो. काय दिसले आणि आपल्याला काय वाटले, हे तो वेगळे लिहितो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, बाकावर कोण बसले आहे? जॉन डोनाल्डसन हा थोर काळा पिचर. वर्णबंदीमुळे त्याला मेजर लीगमध्ये कधी खेळता आले नाही. १९४९ साली शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला नेमले आणि तो मेजर लीगचा पहिला पूर्णवेळ काळा पारखी झाला. मोनार्क्सचा जुना खेळाडू बक ओ'नील पुढे शिकागो कब्जचा पारखी झाला. दक्षिणेतील काळ्यांच्या महाविद्यालयांत तो जात असे. लुइझियानातील सदर्न विद्यापीठात त्याला लू ब्रॉक सापडला. ब्रॉक १९८५ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. ओ'नीलला तो मान मिळाला २०२२ साली, मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

आपल्यापैकी अनेक जण आज शिक्षक आहेत, परीक्षक आहेत, मुलाखत मंडळांवर बसतात. पारख्याचा बाक आता आपल्याही वाट्याला आला आहे. मागच्या बाकावरच्या मुलीच्या उत्तरपत्रिकेवर 'सामान्य' हा शेरा मारण्यापूर्वी आपण तिला किती वेळा पाहिले आणि ती सकाळी काय खाऊन आली, एवढे तरी स्वतःला विचारावे. आणि पहिल्या दिवशी परत पाठवलेल्या मुलाला, उद्या पुन्हा ये, असे आपणच सांगावे.