निशी-कासाईत नव्वद दिवस

२०२५ च्या सप्टेंबर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दुबईमार्गे तोक्योला पोहोचलो, आणि नोव्हेंबर संपता संपता परत आलो. धाकट्या भावाच्या घरी इतके दिवस राहण्याचा योग तो परदेशी गेल्यापासून प्रथमच आला. आता गावात कोणी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : फुजी पर्वत पाहिला का? पाहिला. एका स्वच्छ सकाळी, भावाच्या अकराव्या मजल्याच्या सज्जातून, फार दूर. पण वाचकहो, आम्हाला सांगायचे आहे ते दुसरेच.

जाण्याआधी मोठी अडचण होती ती आमच्या बैठकेची. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आम्ही संध्याकाळी मुलांना मराठी शिकवतो. एके काळी या बैठकेत तीस-पस्तीस मुले मांडी घालून बसत. आज सात आहेत. त्यांतील चौघे सहावीच्या परीक्षेला मराठी घेऊन बसणार होती, आणि परीक्षा तोंडावर आली होती. तीन महिने कुलूप लावले असते तर ही सात मुले इंग्रजी-गणिताच्या शिकवणीला गेली असती आणि परत आली नसती. हे आम्ही अनुभवाने सांगतो. शेजारच्या गावची बैठका अशाच एका ‘थोड्या दिवसांच्या’ सुट्टीनंतर पुन्हा उघडली नाही.

तेव्हा पुतण्याने युक्ती काढली. मंडळाच्या खोलीत एक जुना संगणक बसवला, आणि आम्ही जपानमधून शिकवायचे ठरले. जपानचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या पाच तास पुढे असते. आपल्याकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा तोक्योत रात्रीचे नऊ. म्हणजे दिवसभर आम्ही मोकळे, आणि रात्रीची जेवणे आटोपली की शाळा सुरू.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. मॉरिशसच्या पासपोर्टावर जपानमध्ये ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येते, पण त्या मुक्कामात पैसे मिळवायचे नसतात. संगणकावरून परदेशातली नोकरी करणाऱ्यांसाठी जपानने ३१ मार्च २०२४ पासून सहा महिन्यांचा वेगळा परवाना काढला आहे. मात्र त्यासाठी वर्षाला किमान एक कोटी येनची कमाई दाखवावी लागते, आणि तो मोजक्याच देशांच्या नागरिकांना मिळतो. आमच्या निवृत्तिवेतनाने तो डोंगर चढणे शक्य नव्हते. पण बैठकेत पगारच नाही, म्हणून प्रश्नही नाही. फुकट काम करण्याचा हा एक फायदा आम्हाला उतारवयात कळला.

भाऊ राहतो तो भाग म्हणजे एदोगावा विभागातील निशी-कासाई. ‘निशी’ म्हणजे पश्चिम. येथील रेल्वे स्टेशन १९७९ साली सुरू झाले. त्याच वर्षापासून कलकत्त्याचे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी येथे राहू लागले. इ.स. २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी भारतातून तरुण मंडळी येऊ लागली तेव्हा परक्या माणसाला घर देण्यास मालक कचरत. चंद्राणींनी त्यांना घरे मिळवून दिली, शाकाहारी जेवणाची सोय केली. शिवाय येथून तोझाई लाइनने बँकांच्या आणि पेढ्यांच्या भागात थोड्या वेळात जाता येते. एकामागून एक कुटुंबे आली, दुकाने आली, उडदाची डाळ आणि कढीपत्ता आला. २०१९ साली या एदोगावाच्या विभागसभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतात जन्मलेले नागरिक. पुढे ते इबाराकी प्रांतातील एका सरकारी विद्यालयाचे मुख्याध्यापकही झाले. शिक्षक म्हणून आम्हाला ही दुसरी बातमी अधिक गोड वाटली.

भावाच्या घरात तीन भाषा नांदतात, आणि कधी कधी भांडतात. भावजय नाशिकची, तिची मराठी नदीसारखी वाहती. आमची मराठी पुस्तकातली, त्यात आजीच्या तोंडचे कोकणी वळण. ‘भाऊजी, तुम्ही आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं बोलता,’ असे ती पहिल्याच दिवशी म्हणाली. भाऊ आणि आम्ही एकमेकांशी क्रेओल बोलतो, लहानपणापासूनची सवय. आणि अकरा वर्षांची पुतणी जपानी सोडून काही बोलायला तयार नव्हती. आईची मराठी तिला समजे, पण उत्तर जपानीत.

सकाळी भाऊ कामावर गेला की आम्ही पिशवी घेऊन निघायचो. आसाकुसाला सेन्सोजीचे प्रसिद्ध देऊळ आहे, तेथे पर्यटकांची रीघ असते. तेथून थोडे चालत गेले की सुमिदा नदीकाठी एका टेकडीवर मात्सुचियामा शोदेन नावाचे देऊळ लागते. तेथील देव कांगितेन, म्हणजे आपले गणपतीबाप्पाच. बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे हजारावर वर्षांपूर्वी ते येथे आले. मूर्ती कोणाला दाखवत नाहीत; ती बंद असते. नैवेद्य मोदकाचा नव्हे, पांढऱ्याशुभ्र जाड मुळ्याचा. देवळातच मुळा विकत मिळतो, तो वाहायचा, आणि आधी वाहिलेल्यांतला एखादा प्रसाद म्हणून घरी न्यायचा. आम्ही नेला. भावजयीने त्याची कोशिंबीर केली. चतुर्थीला विसर्जनाच्या वाटेवर लेझीम खेळणाऱ्या आपल्या मुलांना रात्री हे सांगितले, तेव्हा एकाने विचारले, ‘गुरुजी, उंदीर मुळा खातो का?’ उत्तर अजून दिलेले नाही.

आणखी एक जागा मुद्दाम पाहिली. मेजिरोदाई भागातले जपान महिला विद्यापीठ. १९०१ साली जिंझो नारुसे यांनी ते काढले. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका महर्षी कर्वे यांच्या हाती पडली, आणि त्यातून १९१६ साली पुण्याचे महिला विद्यापीठ उभे राहिले. पुढे जगप्रवासात कर्वे स्वतः ते पाहून गेले. फाटकापाशी उभे राहून आम्ही पुतणीला म्हटले, ‘तुझ्या पणजीला सही करता येत नव्हती. आंगठा उठवायची.’ तिने विचारले, का? आम्ही उसाच्या मळ्यापासून सांगायला सुरुवात केली, ते परतीची गाडी निशी-कासाईला लागेपर्यंत. कोयासानला मात्र जाणे झाले नाही. तेथील विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला आहे. वाटखर्च ऐकून आम्ही बेत सोडला.

पुतणी आमच्या वर्गात कशी आली ते सांगितले पाहिजे. पहिले काही दिवस ती पाठीमागे बसून आपला गृहपाठ करी. एके रात्री आम्ही लहान मुलांकडून बाराखडी म्हणून घेत होतो. तिने एकदम मान वर केली आणि आपली वही आणून पुढे धरली. जपानी अक्षरांचा तक्ता होता. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. वाचकहो, हा क्रम आपलाच! क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग, मग ओठांची अक्षरे, मग य, र, व. बौद्ध पंडित संस्कृत शिकले आणि त्या वर्णमालेच्या वळणावर त्यांनी आपली अक्षरे मांडली. सा च्या जागी पूर्वी च सारखा उच्चार होता, आणि हा च्या जागी प, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे राहिलेला फरकही मिटतो. चाळीस वर्षे आम्ही ‘क ख ग घ’ शिकवले, पण ते इतक्या दूर जाऊन बसले असेल असे मनात आले नव्हते. त्या रात्रीपासून पुतणी संगणकासमोर बसू लागली. एकच अडचण : जपानीत र आणि ल हे वेगळे नाहीत. ‘लाल फूल’ म्हणताना तिची जी तारांबळ उडे ती पाहून आपली मुले हसत, ती रागावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येई.

आता २०२० ची गोष्ट.

शेजारी एक जपानी आजी राहतात. आम्ही मॉरिशसचे असे पुतणीने सांगताच त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ‘वाकाशिओ.’ आणि वाकून त्यांनी नमस्कार केला. २५ जुलै २०२० ला ते जपानी मालकीचे जहाज आपल्या पॉइंत देस्नीच्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले, हे त्या बाईंच्या लक्षात होते. आपण पोत्यांत उसाचे पाचट भरून तेल अडवले होते, ती चित्रे त्यांनी दूरदर्शनवर पाहिली होती. आम्ही त्यांना म्हटले, तुमचा काय दोष? पण भाऊ त्या वेळी उठून आत गेला.

त्याच ऑगस्टमध्ये आमची आई गेली. मार्चपासून विमाने बंद. भावाने अंत्यविधी मोबाइलवर पाहिला. त्यानंतर पाच वर्षे तो गावी आला नाही. विमाने सुरू झाली तरी आला नाही. कारण कोणी विचारले नाही, त्याने सांगितले नाही.

गतवर्षी सर्वपित्री अमावास्या २१ सप्टेंबरला, रविवारी आली. जपानातही त्याच वेळी ‘हिगान’ असते. विषुवदिनाच्या मागेपुढे सात दिवस लोक आपल्या माणसांच्या समाध्या धुतात, फुले वाहतात, ‘ओहागी’ नावाचे भाताचे आणि गोड लाल चवळीसारख्या डाळीचे गोळे ठेवतात. भावजयीने सकाळी वडे आणि खीर केली. घास कोठे ठेवावा हा प्रश्न पडला. तोक्योत कावळे भरपूर, चांगले घारीएवढे. म्हणून तर कचऱ्यावर जाळी टाकतात. पण त्यांना खाऊ घातलेले शेजाऱ्यांना खपत नाही. शेवटी सज्जात एका पानावर ठेवला आणि दार लावून घेतले.

दुपारी आजींबरोबर त्यांच्या देवळाच्या स्मशानभूमीत गेलो. समाध्यांमागे उंच लाकडी फळ्या उभ्या होत्या, आणि त्यांवर वरच्या भागात ओळखीचे वळण दिसले. ही सिद्धम् लिपी, आपल्या देवनागरीची बहीण. पंचमहाभूतांची पाच अक्षरे : ख, ह, र, व, अ. आम्हाला त्यांतली दोनच नीट लागली. भाऊ कितीतरी वेळ त्या फळीपुढे उभा होता. मग त्याने विचारले, ‘आईने त्या वेळी माझी आठवण काढली होती का?’

पाच वर्षांपूर्वी याच प्रश्नाला आम्ही फोनवर ‘नाही, ती शांत झोपेत होती’ असे उत्तर दिले होते. त्याला त्रास नको म्हणून. खरे असे होते की शेवटचे आठ दिवस फाटक वाजले की ती विचारी, ‘धाकटा आला का?’ ते आम्ही त्याला त्या दिवशी, त्या परक्या समाध्यांमध्ये उभे राहून सांगितले.

तो म्हणाला, ‘मला माहीत होतं, दादा. त्या दिवशी तू माझ्याशी शुद्ध मराठीत बोललास. खोटं बोलायचं असलं की तू शुद्ध मराठी बोलतोस.’

जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने यावर काय बोलावे? आम्ही गप्प राहिलो. आजींनी दोघांच्या हातात एकेक ओहागी ठेवला, तो खाल्ला. घरी आलो तेव्हा सज्जातले पान रिकामे होते. कावळा की वारा, ते कोणी पाहिले नाही.

परीक्षा झाली, मुले पास झाली. आम्ही परत आलो, पण मंडळाच्या खोलीतला संगणक काढलेला नाही. रोज दुपारी चारला निशी-कासाईहून पुतणी हजर असते. हजेरीपटावर आठवे नाव तिचे. ‘फळा’ आता ती नीट म्हणते, ‘लाल’ अजून अडते. कधी कधी तिच्या मागे भाऊ जेवताना दिसतो. येत्या चतुर्थीची तिकिटे त्याने काढली आहेत, तिघांची.